लेन्स दुरुस्त करायची की बदलायची?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तुमच्याशी कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठला आलाय कॅमेरा? नसेल. पण शिलाई मशीन असेल, मसाल्याचं कांडप असेल, पिठाची गिरणी असेल. पोटापाण्याचं यंत्र मोडलं की प्रश्न सगळीकडे एकच असतो. दुरुस्त करायचं की दुसरं घ्यायचं? घरातले एक सांगतात, दुकानदार दुसरं सांगतो, आणि कर्जाचा हप्ता तर तारखेला ठरलेलाच असतो. आम्ही आमच्या यंत्राची गोष्ट सांगतो, तुम्ही ती तुमच्या यंत्राला लावून बघा.

आम्ही पाचजणी देवरुख-साखरपा भागातल्या. बचत गटातून कर्ज काढून आम्ही फोटोचं काम सुरू केलं. बारसं, डोहाळजेवण, हळद, लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन, गणपतीत घरोघरची आरास, असली सगळी कामं करतो. कॅमेऱ्याबरोबर एक छोटी लेन्स आली होती, १८-५५ ची. हे आकडे मिलिमीटरचे. लहान आकड्याला लेन्स जास्त जागा फोटोत घेते, मोठ्या आकड्याला लांबचं जवळ आणते. पुढे कामं वाढली तशी आम्ही १८-१३५ ची मोठी लेन्स घेतली. ती आली आणि छोटी कपाटात गेली.

गेल्या एप्रिलच्या शेवटी एका हळदीला मांडवात नाच चालला होता. गर्दीत एका लहान मुलाचा पाय वायरीत अडकला, वायर ओढली गेली आणि कॅमेरा स्टँडसकट आडवा झाला. मुलाला लागलं नाही, ते महत्त्वाचं. कॅमेराही वाचला. पण मार सगळा लेन्सच्या तोंडावर बसला. पुढचं लग्न नऊ दिवसांवर होतं, मे महिन्यात तीन कामं घेतलेली होती. कर्जातले १८,००० रुपये अजून फेडायचे होते.

त्या रात्रीच सल्ले सुरू झाले. एकीचा दीर म्हणाला, नवीनच घ्या, पडलेली वस्तू कधी धड होत नाही. एकीच्या घरी सांगितलं गेलं, आता पुरे झालं, कॅमेरा विका आणि कर्ज मिटवा. बाजारातला मोबाइल दुरुस्त करणारा म्हणाला, आणा इकडे, अर्ध्या तासात उघडून बसवून देतो. तिघंही आपुलकीनंच बोलत होते. पण तिघांपैकी एकानंही लेन्स हातात घेऊन पाहिली नव्हती.

आणि आमच्यातली जी त्या वेळी स्टँडजवळ उभी होती, ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. पैसे मी भरते, असा तिनं निरोप पाठवला. म्हणून लेन्सच्या आधी आम्ही ते काम उरकलं. तिच्या घरी गेलो, गटाची वही तिथेच उघडली आणि लिहिलं, "लेन्स कामावर असताना पडली. खर्च गटाचा." पाचही जणींनी सह्या केल्या. मैत्रिणींनो, गटाचं यंत्र मोडलं तर हे आधी करा. कुणाच्या माथी मारायचं हे शोधत बसलं, तर जिच्यावर बोट रोखलं जातं ती भीतीपोटी खर्चाच्या निर्णयात तोंडच उघडत नाही. आणि यंत्राची खरी माहिती बहुतेक वेळा तिलाच असते.

आता लेन्सकडे येऊ.

पडल्याबरोबर काय करायचं नाही, ते आधी ऐका. आमच्या लेन्सच्या तोंडावर फिल्टर होता. फिल्टर म्हणजे राखणीसाठी लावलेली साधी सपाट काच. तिचा चुरा झाला होता. असा चुरा दिसला की हात आपोआप पदराकडे जातो. पुसू नका. फिल्टरच्या काचेचे कण खालच्या लेन्सवर घासले गेले, तर न झालेलं नुकसान आपल्या हातानं होतं. लेन्सचं तोंड जमिनीकडे करा, हलकेच टिचकी मारा म्हणजे कण खाली पडतात. मग रबरी फुग्यानं हवा मारा. तोंडानं फुंकर नको, थुंकी उडते. फिल्टरची कडी चेपून अडकली असेल तर पकड लावू नका. जाड रबरबँड कडीभोवती बसवून किंवा रबरी हातमोजा घालून हळूच फिरवून बघा. नाही सुटली तर सोडून द्या, कारागीर काढेल. झूमची कडी अडकली असेल तर जोर करू नका. आणि लेन्स उघडायला मोबाइलवाल्याकडे देऊ नका. आतल्या काचा एकीपुढे एक अगदी मोजून बसवलेल्या असतात. मिलिमीटरच्या लहानशा भागानं काच हलली तरी फोटोत फरक पडतो.

आता तपासणी. याला विजेरी, वर्तमानपत्र आणि थोडा निवांतपणा एवढंच लागतं.

पहिली नजर काचेवर. पुढच्या काचेवर आम्हांला एक बारीक ओरखडा दिसला आणि आमचा जीव खाली गेला. पण खरं सांगायचं तर पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत बहुधा दिसत नाही. लेन्स लांबच्या माणसावर नजर लावून असते, तिच्या स्वतःच्या काचेवरची रेघ तिला स्पष्ट दिसतच नाही. खिडकीच्या गजाला डोळा लावून अंगणात पाहिलं तर गज जसा विरून जातो, तसंच हे. त्रास होतो तो समोरून ऊन किंवा दिवा आला तर. तेव्हा ओरखड्यावर प्रकाश पसरतो आणि फोटोवर धुरकट पडदा येतो. मागच्या काचेवरचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूच्या काचेवरचा ओरखडा मात्र जास्त बाधतो. तेव्हा ओरखडा दिसला म्हणून लेन्स गेली, असं लगेच धरू नका.

दुसरी नजर बुडाकडे. लेन्स जिथे कॅमेऱ्यावर बसते त्या कडीला माउंट म्हणतात. ती वाकडी आहे का, तडकली आहे का, लेन्स बसवल्यावर डुगडुगते का, हे बघा. तिथेच सोनेरी रंगाचे बारीक ठिपके असतात. त्यांतून कॅमेरा आणि लेन्स यांचं बोलणं चालतं. कॅमेरा लेन्स ओळखत नसेल, तर आधी कोरड्या स्वच्छ मऊ फडक्यानं ते ठिपके पुसा. कित्येकदा तेवढ्यानं भागतं आणि एक पैसा लागत नाही.

तिसरी नजर आत. खोलीत अंधार करा, लेन्सच्या एका बाजूनं विजेरी लावा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, ते प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आणि काच फुटली असेल तर ती लख्ख दिसतेच.

चौथी तपासणी कानांनी. फोकस लावताना लेन्समधली मोटार करकरते का? झूम फिरवताना मध्येच अडते का? आमची ५० च्या आसपास अडत होती आणि करकरतही होती.

पाचवी तपासणी सर्वांत महत्त्वाची, म्हणजे वर्तमानपत्राची. वर्तमानपत्राचं मोठं पान भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा स्टँडवर अगदी समोर, सरळ ठेवा, पान फोटोभर येऊ द्या. हात न लावता, टायमर लावून फोटो काढा. एक फोटो लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवून आणि एक एफ ८ वर. मग तेच फोटो दुसऱ्या लेन्सनं काढा. कॉम्प्युटरवर मोठे करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. दोन्ही लेन्सवर सारखाच दोष आला, तर दुखणं कॅमेऱ्यात आहे. एकाच लेन्सची एकच बाजू पुसट आली, तर त्या लेन्समधली एखादी काच तिरकी झाली आहे.

आमच्या पडलेल्या लेन्समध्ये डावीकडची बातमी खणखणीत वाचता येत होती आणि उजवीकडची पुसट. एफ ८ वर थोडी सुधारली, पण पुरी नाही. लग्नाच्या समूह फोटोत याचा अर्थ काय, ते तुम्हांला लगेच कळेल. डावीकडे वराकडची मंडळी स्पष्ट, उजवीकडे वधूकडची पुसट! असा फोटो कुणाला देणार? ज्या ओरखड्याला आम्ही घाबरलो होतो तो किरकोळ निघाला, आणि बाहेरून न दिसणारी तिरकी काच हेच खरं दुखणं ठरलं.

दुखणं कळल्यावर भाव विचारायला आम्ही दोघी कोल्हापूरला गेलो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आंबा घाटाची वारी परवडते. आणि कोल्हापूर म्हणजे कॅमेऱ्याचं जुनं गाव. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. यंत्र उघडून समजून घेण्याची परंपरा आपल्याकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ आम्ही मनाशी धरला.

सोबतीला एकीचा भाऊ होता. पहिल्या ठिकाणी, कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात, काउंटरवरचा माणूस प्रश्न आमचे ऐकायचा आणि उत्तरं भावाकडे बघून द्यायचा. भावाला तर झूम कुठली आणि फोकस कुठला हेही ठाऊक नव्हतं. शेवटी आम्ही वर्तमानपत्राचे फोटो काउंटरवर ठेवले आणि म्हटलं, "दादा, लेन्स आमची आहे, बिलही आमच्या गटाच्या नावानं होणार आहे. उजवी बाजू पुसट येते, ती पूर्ण दुरुस्त होईल का, तेवढं आम्हांला सांगा." त्यानंतर तो आमच्याशी बोलला, आणि नीट बोलला. भांडावं लागलं नाही. हातात पुरावा असला की आवाज चढवावा लागत नाही.

तिथे विचारायचे प्रश्न आम्ही वहीत लिहून नेले होते. तुम्हीही लिहून घ्या. कोणता भाग बदलणार? भागाची किंमत किती, मजुरी किती, कर किती? किती दिवस लागतील? दुरुस्तीवर हमी किती महिन्यांची? जुना भाग परत देणार का? आणि दुरुस्ती नको म्हटलं तर नुसत्या तपासणीचे पैसे किती? हे सगळं लेखी मागा. वॉरंटीची मुदत शिल्लक असली तरी पडण्या-फुटण्याचं आणि पाण्यात भिजण्याचं नुकसान तिच्यात सहसा येत नाही, हेही लक्षात ठेवा.

केंद्रानं अंदाज दिला ८,९०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,५०२. भाग मागवावा लागणार म्हणून तीन आठवडे. हमी होती. मग आम्ही एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी लेन्स हातात घेतली, फिरवली, कानाशी धरली आणि म्हणाले, "ताई, झूम मोकळी करून देतो, ४,००० होतील. पण उजवी बाजू पूर्ववत होईलच असा शब्द देत नाही." शब्द देत नाही असं सांगणारा कारागीर भेटला, तर त्याचा पत्ता जपून ठेवा. मग बाजारात विचारलं. तीच लेन्स नवी ३४,००० ला, आणि वापरलेली, चांगल्या स्थितीतली १५,००० ला.

घरी आलो आणि वहीत हिशेब मांडला.

आमचा एक ठोकताळा आहे. तीच वस्तू चांगल्या स्थितीत वापरलेली जेवढ्याला मिळते, त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च दुरुस्तीला येत असेल, तर थांबून विचार करायचा. नव्याच्या किमतीशी तुलना करायची नाही. ३४,००० शी ताडून पाहिलं तर १०,५०२ स्वस्तच वाटतात. पण आपली लेन्स नवी नव्हती, वापरलेलीच होती. १५,००० चे निम्मे ७,५००. केंद्राचा आकडा त्याच्या वर गेला. कारागिराचा आकडा खाली होता, पण ज्या दोषासाठी दुरुस्ती हवी त्याचीच खात्री नव्हती. शिवाय तीन आठवडे! त्या दिवसांतच तीनही लग्नं. दुरुस्तीच्या खर्चात बंद पडलेले दिवसही धरायचे असतात. तेवढ्यात लेन्स भाड्यानं आणली तर दिवसाला ५०० रुपये आणि कोल्हापूरच्या फेऱ्या वेगळ्या.

हा ठोकताळा सगळीकडे चालत नाही. लेन्स मुळातच महागडी असेल तर दुरुस्ती बहुधा परवडते. जुनी, धातूची, आता न मिळणारी असेल, वडिलांची आठवण असेल, तर तिथे निम्म्याचा नियम बाजूला ठेवायला हरकत नाही. फक्त आठवणीसाठी पैसे घालतोय, हे वहीत तसंच लिहा. मोडलेला भाग एकच आणि बाहेरचा असेल, तर दुरुस्तीच करा. आमच्या ओळखीची एक ताई स्टुडिओ चालवते. तिच्या लेन्सचं प्लास्टिकचं माउंट तडकलं होतं, काचा मात्र शाबूत होत्या. २,२०० रुपयांत माउंट बदललं आणि ती लेन्स आजही रोज काम करते आहे. उलट लेन्स खाऱ्या पाण्यात पडली असेल तर दुरुस्तीवर पैसे घालताना दहादा विचार करा. मीठ आतल्या तारा आणि स्क्रू कुरतडत राहतं. आज चालू झालेली लेन्स चार महिन्यांनी पुन्हा बंद पडते.

आमचा हिशेब तरीही सुटेना. दुरुस्ती महाग, आणि १५,००० आणायचे कुठून? तेव्हा आमच्यातलीच एक म्हणाली, "आपण या लेन्सनं नेमकं काय काढतो, ते तरी बघू." तो प्रश्न कामाचा ठरला.

प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात माहिती असते. कॉम्प्युटरवर फोटोचे तपशील उघडले की तो किती मिलिमीटरवर काढला ते दिसतं. मागच्या चार कार्यक्रमांत गिऱ्हाइकांना दिलेले १,१४० फोटो आम्ही दोन संध्याकाळी बसून तपासले. त्यांतले ८९० फोटो १८ ते ५५ च्या आतले निघाले. म्हणजे कपाटात पडलेल्या छोट्या लेन्सनं ते काढता आले असते! राहिलेल्या २५० मध्येही बरेच असे होते की चार पावलं पुढे गेलो असतो तरी काम झालं असतं.

मग छोट्या लेन्सला काय जमत नाही, ते मोजलं. दोन गोष्टी. एक, खूप लांबचं. दुसरी, कमी उजेडातलं. हळद संध्याकाळी असते, देवळात दिवे मंद असतात, आणि छोट्या लेन्सचं भोक ५५ वर एफ ५.६ पलीकडे उघडत नाही. ५० मिलिमीटरची एक साधी लेन्स मिळते, तिला झूम नसतो, पण भोक एफ १.८ पर्यंत उघडतं. ती नऊपटीहून जास्त उजेड आत घेते. चेहऱ्यांच्या फोटोंना तर ती फारच छान. वापरलेली ६,००० ला मिळत होती.

यावर आमच्यात एकमत नव्हतं. एकीचं म्हणणं होतं की काहीही करून मोठीच लेन्स घ्यावी, कारण लग्नात लोक लेन्सचा आकार बघून फोटोवाल्याची पारख करतात. बायका म्हणून आमच्याकडे आधीच संशयानं बघतात, त्यात छोटी लेन्स बघून अजून नावं ठेवतील. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मोठ्या लेन्ससाठी पुन्हा कर्ज काढलं असतं तर आधीचं आणि नवं मिळून हप्ता दुप्पट झाला असता, आणि पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे काम जवळपास नसतं. चौघींनी एका बाजूला, एकीनं दुसऱ्या बाजूला हात वर केला. तिचा विरोध वहीत लिहिला आणि ५० ची लेन्स घेतली.

वापरलेली वस्तू घेताना घाई केली नाही. आपला कॅमेरा बरोबर नेला, विजेरी नेली, वर्तमानपत्राचं पानही नेलं. दुकानातच फोटो काढले, मोठे करून चारही कोपरे पाहिले. लेन्सवरचा नंबर बिलावर लिहून घेतला. मुंबईला कुणी नातेवाईक असतील तर फोर्टमधल्या बोरा बाजारातही चौकशी करता येते, पण तिथेही स्वतः तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेमधली तीनही लग्नं आम्ही त्या दोन लेन्सवर काढली. ५० ला झूम नसल्यामुळे पायांना काम लागलं. मांडवात मागे-पुढे धावावं लागलं, त्यासाठी जागा आधी बघून ठेवावी लागली. एका ठिकाणी "लेन्स एवढीशीच?" असं विचारलं गेलंच. फोटो दिल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही. पण सगळंच जमलं असंही नाही. एका शाळेच्या क्रीडास्पर्धेचं काम आम्हांला सोडावं लागलं, कारण मैदानाच्या पलीकडचं पोर आमच्या लेन्सला गाठता येत नव्हतं. तो तोटा वहीत त्याच रकान्यात मांडला आहे. तशी कामं वाढली तर लांबच्या लेन्सचा विचार पुन्हा करू, आणि विरोध करणारी आमची मैत्रीण त्या दिवशी पहिली बोलेल.

मोडकी लेन्स आम्ही त्या कारागिरालाच सुट्या भागांसाठी २,००० ला दिली. काय काय बिघडलं आहे ते कागदावर लिहून दिलं. दोष लपवून ती आणखी महाग विकता आली असती. पण ती आपल्यासारख्याच कुणा नवशिकीच्या हातात गेली असती.

आता पुढच्यासाठी दोन-चार गोष्टी. लेन्सच्या तोंडावर हूड लावा. हूड म्हणजे प्लास्टिकची छत्री, ती ऊनही अडवते आणि पडल्यावर पहिला मार स्वतः खाते. स्टँडला खाली वाळूची पिशवी टांगा. वायरी जमिनीला चिकटपट्टीनं बसवा.

आणि आपल्या कोकणातला पाऊस! बुरशी दमट, अंधाऱ्या, बंद जागी वाढते, आणि वेळीच काढली नाही तर काचेवरचा लेप कायमचा खाते. लेन्स चामड्याच्या पेटीत किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलचे खडे घालून ठेवा. निळे खडे ओल शोषून गुलाबी होतात, केशरी खडे हिरवट होतात, की समजायचं आता ते तापवून वाळवायचे. पण स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. निळ्या खड्यांचं रसायन पोटात जाता कामा नये. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा. वापरातल्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, तांदळाची पूड आत जाते.

बिल नेहमी पक्कं घ्या. दुरुस्तीत फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. सुटे भाग आणि दुरुस्ती केंद्रांची माहिती लोकांना मिळावी म्हणून केंद्र सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टलही सुरू केलं. दुरुस्त करून वापरणं हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आणि एक छोटी सवय. आता आम्ही प्रत्येक कामातले २०० रुपये वेगळ्या डब्यात टाकतो. त्याला यंत्रनिधी म्हणतो. पुढच्या वेळी काही मोडलं तर निदान त्या रात्री झोप तरी लागेल.

तर मैत्रिणींनो, यंत्र कुठलंही असो, प्रश्न एवढेच विचारा. नेमकं काय मोडलं? मी स्वतः तपासलं का? दुरुस्तीचा आकडा लेखी आहे का, आणि बंद पडलेले दिवस त्यात धरले का? वापरलेलं यंत्र केवढ्याला मिळतं? आणि मुख्य म्हणजे, त्या यंत्राचं किती काम मला खरोखर लागतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दीर, दुकानदार, कारागीर यांच्यापैकी कुणाकडेच नसतं. ते आपल्या वहीत असतं. म्हणून वही लिहा.

तुमच्याकडे असं एखादं यंत्र अडून बसलं असेल, तर पत्र पाठवून किंवा फोन करून रेडिओ केंद्राला कळवा. गिरणी असो, मशीन असो, पाण्याचा पंप असो, ज्यांनी ते हाताळलं आहे अशा मैत्रिणींना आपण बोलतं करू. पाऊस तोंडावर आला आहे. आज संध्याकाळी जमलं तर विजेरी घ्या आणि आपापल्या यंत्राच्या आत एकदा डोकावून बघा.